नट : एक शब्द, दोन घरे
(भाषणाचा पाठ)



शब्दांची चिकित्सा हा पंडितांचा प्रांत आहे, असा सर्वसाधारण समज आढळतो. परंतु देवळाच्या कारभाराशी ज्या घराण्यांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा संबंध आहे, त्यांना शब्दांचे मोल पंडितांपेक्षाही अधिक ठाऊक असते. कोणाचे नाव महाजनांच्या यादीत आणि कोणाचे सेवेकऱ्यांच्या, पालखीच्या वेळी कोणाला कोणत्या नावाने पुकारावयाचे, प्रसादाचा मान कोणत्या क्रमाने उच्चारावयाचा, यावरून घराघरांत अबोले धरले गेले आहेत आणि कज्जे न्यायासनापर्यंत पोहोचले आहेत. ज्याला नाव मिळते त्याला स्थान मिळते, आणि ज्याला वाईट नाव मिळते त्याचे स्थानही हिरावले जाते. विचारासाठी निवडलेला आजचा शब्द दोनच अक्षरांचा आहे : ‘नट’.

या शब्दाची परीक्षा करावयाची तर ती मराठीच्या राजधानीत करून भागत नाही. पुण्या-मुंबईत ‘नट’ म्हटले की रंगभूमीवर अथवा चित्रपटात काम करणारा माणूस डोळ्यांसमोर येतो आणि विषय तेथेच संपतो. दोन भाषांच्या सीमेवर मात्र शब्दाचे अंतरंग उघडे पडते. मध्यप्रदेशातील बालाघाट हा अशा सीमेवरील जिल्हा आहे. ‘बाला’ म्हणजे वरचा. घाटावरचा प्रदेश तो बालाघाट. वैनगंगेच्या खोऱ्यातील हा मुलूख नागपूरकर भोसल्यांच्या अमलाखाली होता. पुढे इंग्रजांच्या मध्यप्रांतात भंडारा, मंडला आणि शिवनी यांचे भाग जोडून १८६७ साली हा स्वतंत्र जिल्हा बनविण्यात आला. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत नागपूर-भंडाऱ्याकडील मराठी जिल्हे मुंबई राज्यात गेले, बालाघाट मध्यप्रदेशातच राहिला. वारासिवनी, लांजी, किरनापूर या दक्षिणेकडील भागांत मराठी आणि पोवारी बोली घरात नांदतात. शाळा, कचेरी आणि बाजार यांची भाषा हिंदी. तेथील एकाच माणसाच्या तोंडी ‘नट’ हा शब्द दोन वेगवेगळे अर्थ घेऊन वावरतो.

मराठी पुस्तक हाती घेतले की ‘नट’ म्हणजे अभिनेता; ‘श्रेष्ठ नट’, ‘नटवर्य’ ही बहुमानाची बिरुदे. तोच माणूस बाजारात हिंदीतून बोलू लागला की ‘नट’ म्हणजे दोरावरून चालणारा, ढोल वाजवीत गावोगाव फिरणारा, पाल ठोकून राहणारा आणि त्या समाजात जन्मलेला मनुष्य. साहित्यिक हिंदीत नट-नटी आणि सूत्रधार आहेतच, परंतु लोकांच्या बोलण्यात तो शब्द जातीचा झाला आहे. मध्यप्रदेशाच्या अनुसूचित जातींच्या यादीत ‘नट’ हे नाव कालबेलिया आणि सपेरा यांच्या जोडीला नोंदलेले आहे. महाराष्ट्रात दोरावरच्या या खेळाडूला डोंबारी अथवा कोल्हाटी म्हणतात आणि ती नावे भटक्या जमातींच्या यादीत आहेत. म्हणजे मराठीने उंच जागेवरचा माणूस आणि दोरावरचा माणूस यांना निरनिराळे शब्द दिले. हिंदी मुलखात दोघांचा शब्द एकच राहिला. बालाघाटात ही दोन्ही घरे भिंतीला भिंत लागून उभी आहेत.

मग मूळ घर कोणते? संस्कृतात ‘नृत्’ हा नाचण्याचा धातू. प्राकृत उच्चारात त्याचा ‘नट्’ झाला आणि हे प्राकृत रूपच पुढे संस्कृतात मानाने जाऊन बसले. त्यापासून नट, नाट्य, नाटक हे शब्द आले. दहाव्या शतकातील धनंजयाने ‘दशरूपक’ ग्रंथात तीन पायऱ्या सांगितल्या आहेत : ताल आणि लय यांवर आधारलेले ते नृत्त, भावावर आधारलेले ते नृत्य, आणि रसावर आधारलेले ते नाट्य. अर्थात अंग हालविणारा, भाव दाखविणारा आणि रस निर्माण करणारा हे तिघेही मुळात एकाच कुळातले. दोरावरचा नट आणि रंगपीठावरचा नट हे दोन भाऊ वेगळे निघाले एवढेच.

हा शब्द किती जुना आहे याचा पुरावा पाणिनीने ठेवला आहे. त्याच्या काळी शिलालिन् आणि कृशाश्व यांनी रचलेली नटसूत्रे प्रचलित होती. एवढेच नव्हे, तर भिक्षूंसाठी रचलेली सूत्रे आणि नटांसाठी रचलेली सूत्रे यांचा उल्लेख त्याने एकाच सूत्रात केला आहे. ज्या विद्येला सूत्रग्रंथ आहे आणि ज्या ग्रंथाला परंपरा आहे, ती विद्या प्रतिष्ठित होती असेच म्हणावे लागते. परंतु त्याच व्याकरणात दुसरे एक चमत्कारिक स्थळ आहे. गुरूपासून नियमपूर्वक विद्या घ्यावयाची असेल तर गुरूवाचक शब्दाची पंचमी होते. टीकाकारांनी याचे प्रत्युदाहरण दिले ते नटाचे. नटाकडून कोणी काही ऐकले तर तेथे पंचमी नाही, षष्ठी. कारण ते ऐकणे म्हणजे अध्ययन नव्हे. ज्याला सूत्रग्रंथ आहे त्याला गुरूची विभक्ती मात्र नाही! एका विभक्तीत समाजाचा केवढा मोठा निवाडा दडलेला असू शकतो याचे याहून बोलके उदाहरण मिळणे कठीण.

कोशकारांकडे वळावे तर तेथेही हाच प्रकार. अमरकोशात नटाचे पर्याय शूद्रवर्गात दिले आहेत. त्यात ‘शैलालिन्’ आणि ‘कृशाश्विन्’ हे शब्द आहेत. ते त्या सूत्रकार आचार्यांच्या नावांवरून आलेले. त्यांच्याच शेजारी ‘जायाजीव’ हा शब्द बसविला आहे. त्याचा अर्थ बायकोच्या कमाईवर जगणारा. आचार्याचे नाव आणि शिवी एकाच पंक्तीला! ‘कुशीलव’ हा आणखी एक पर्याय. रामकथा गात फिरणाऱ्या कुश-लवांशी परंपरेने या शब्दाचा संबंध जोडला. आणि त्याच कुशीलवाला साक्षीदार करू नये असे मनुस्मृती सांगते. शैलूषाचे, म्हणजे नटाचे अन्न खाऊ नये असेही तिचे सांगणे आहे. प्रत्यक्ष रामाचे पुत्र ज्या नावाने ओळखले गेले, त्या नावाच्या माणसाची साक्ष मात्र ग्राह्य नाही.

कौटिल्याची दृष्टी व्यवहारी. नव्या वसवलेल्या खेड्यांत नट, नर्तक, गायक यांनी लोकांच्या कामात अडथळा आणू नये असे तो बजावतो. आणि त्याच अर्थशास्त्रात या कला शिकविणाऱ्यांचा निर्वाह राजाने चालवावा अशीही तरतूद करतो. शेतात नको, दरबारात हवा.

ही विसंगती खुद्द नाट्यशास्त्राच्या कर्त्यालाही जाणवली असली पाहिजे. नाट्य हा पाचवा वेद. ऋग्वेदातून पाठ्य, सामवेदातून गीत, यजुर्वेदातून अभिनय आणि अथर्ववेदातून रस घेऊन ब्रह्मदेवाने तो निर्माण केला, अशी ग्रंथाच्या आरंभी कथा आहे. शेवटी मात्र दुसरी कथा येते. भरताच्या पुत्रांनी विद्येच्या मदाने ऋषींचीच नक्कल करून त्यांचा उपहास केला. ऋषी कोपले आणि त्यांनी शाप दिला की, तुमचा ब्राह्मण्याचा आचार नष्ट होऊन तुम्ही शूद्र व्हाल. मग नहुष राजाच्या विनंतीवरून नाट्य पृथ्वीवर आले. शापकथा ही इतिहास म्हणून घ्यावयाची नसते, परंतु तिच्यातील निरीक्षण अचूक आहे. थोरांची नक्कल करणारा माणूस थोरांना आवडतो, तोपर्यंत त्याच्यासारखा गुणी नाही. नक्कल झोंबली की त्याच्यासारखा हीन नाही. नटाच्या शब्दाला लागलेला डाग मुळात प्रेक्षकाच्या दुखावलेल्या अहंकाराचा आहे.

आता पुन्हा वैनगंगेच्या मुलखाकडे यावे. मध्यप्रांतातील जातिजमातींचा चार खंडांचा ग्रंथ रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांनी १९१६ साली प्रसिद्ध केला. त्यात नटांवर स्वतंत्र प्रकरण असून बादी, डांगचढा, बाजीगर, सपेरा अशी नावे त्याच्याबरोबर दिली आहेत. ‘डांगचढा’ म्हणजे डांगेवर, उंच काठीवर चढणारा. नाव ऐकताच मनुष्य दिसतो. दोन बाजूंस कैचीसारख्या काठ्या, मध्ये ताणलेला दोर, हाती आडवा बांबू, खाली ढोल. आणि वर बहुधा घरातील सर्वांत लहान मूल, कारण त्याचे वजन कमी.

दोरावर चालणे ही केवळ करमणूक असेल का, असा प्रश्न याच संदर्भात उपस्थित होतो. कुमाऊं-गढवालच्या डोंगरी भागात एक विधी पूर्वी चालत असे. कड्यापासून खाली दरीपर्यंत लांबच लांब दोर बांधीत, आणि बादी जातीचा पुरुष लाकडी खोगिरावर बसून त्या दोरावरून घसरत येई. गावाची शेते पिकावीत, रोगराई टळावी, यासाठी हे चाले. देवाच्या नावाने चाले. माणसाचा प्राण पणाला लागत असे म्हणून त्याला इंग्रजी अमदानीत आळा बसला. वरून सुखरूप आलेल्या माणसाचे केस शुभ म्हणून लोक जपून ठेवीत. जो गावाच्या पिकासाठी जीव टांगणीला लावी तोच गावाबाहेर राही. नटाचा खेळ हा मुळात देवकार्याचा भाग होता असे मानण्यास या प्रथेने बळ मिळते. देवळाच्या महाजनांनी तरी ही गोष्ट विसरता कामा नये.

इंग्रजी राज्याने या माणसांवर आणखी एक शिक्का मारला. १८७१ च्या कायद्याने फिरत्या समाजांना जन्मजात गुन्हेगार ठरविण्याची सोय झाली, आणि काही भागांतील नटांच्या टोळ्याही त्या जाळ्यात सापडल्या. ज्याचे घर फिरते, ज्याची उपजीविका लोकांच्या नजरेवर, तो सरकारी कागदात संशयित झाला. १९५२ साली हा कायदा रद्द झाला आणि हे समाज ‘विमुक्त’ म्हणवले जाऊ लागले. कागदावरील शब्द एका दिवसात बदलला. गावाच्या तोंडातील शब्द बदलण्यास अनेक पिढ्या लागतात.

याच मुलखातील दुसऱ्या एका शब्दाची गत उलट दिशेने तीच आहे. बैहरच्या पठारावर आणि शेजारच्या मंडला भागात गोंडांचे जे भाट आहेत त्यांना परधान म्हणतात. हा शब्द ‘प्रधान’, म्हणजे मंत्री. बाणा नावाचे तंतुवाद्य वाजवून गोंड राजांच्या आणि देवांच्या कथा गाणे हे त्यांचे काम; गोंडांची वंशपरंपरा त्यांच्याच कंठात राहिली. नाव प्रधानाचे, परंतु गोंड यजमानांपेक्षा त्यांचा दर्जा खालचा मानला गेला आणि निर्वाह त्यांच्या दानावर चालला. नटाचा शब्द मूळचा उंच असून खाली आला. परधानाचा शब्द उंचच राहिला, पण माणूस खाली बसला. नावाने मान मिळतो हे खरे असले, तरी नुसत्या नावाने तो टिकत नाही, हे येथे दिसते.

दिवाळीनंतर वैनगंगेच्या दोन्ही तीरांवर गावोगाव मंडई भरते. हिंदीत तिलाच मड़ई म्हणतात. धानाचे पीक हाती येण्याचे ते दिवस. दिवसा बाजार आणि नाच, रात्री दंडार, खडी गंमत किंवा नाटक. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली हा झाडीपट्टीचा टापू नाटकांसाठी प्रसिद्ध आहे. तेथील रंगकर्मी परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली. त्या टापूची ही हौस जिल्ह्यांच्या आणि राज्यांच्या सीमा मोजत नाही. दंडारीत शेतकरीच राजा होतो, शेतकरीच राणी होतो, आणि सकाळी धान झोडावयास जातो. या शेतकऱ्याला मात्र कोणी नट म्हणत नाही. ‘अमका दंडारीत काम करतो’ असे म्हणतात. एक रात्र सोंग घेणारा शेतकरी हा शेतकरीच राहतो. पिढीजात सोंग घेणाऱ्याची मात्र जात होते. कलेने कोणी हीन होत नाही. कलेवर पोट भरावे लागले आणि पायाखाली स्वतःची जमीन नसली, म्हणजे लोक त्याला हीन ठरवितात. ‘नट’ शब्दाच्या दोन घरांमधील भिंत ही जमिनीच्या मालकीची भिंत आहे.

मराठी रंगभूमीवर हा शब्द वर कसा चढला, हेही पाहण्यासारखे आहे. १८४३ साली सांगलीस विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ रंगभूमीवर आणले, १८८० मध्ये अण्णासाहेब किर्लोस्करांचे ‘शाकुंतल’ आले. त्या काळात नाटकमंडळीत शिरलेला मुलगा कुळाला बट्टा लावणारा समजला जाई, आणि त्याला ‘नट’ नव्हे, ‘नाटक्या’ म्हणत. गणपतराव जोशांचा हॅम्लेट पाहून विद्वानांनी माना डोलावल्या. बालगंधर्वांच्या स्त्रीभूमिकांवरून घरोघरीच्या स्त्रियांनी वेशभूषेचे वळण घेतले, आणि १९६४ साली त्यांना पद्मभूषण मिळाले. मग ‘नाटक्या’चा पुन्हा ‘नट’ झाला. कुसुमाग्रजांचे ‘नटसम्राट’ १९७० साली रंगमंचावर आले, ते गोवा हिंदू असोसिएशनने आणले, हे गोमंतकीयांना अभिमानाने आठवावे असेच आहे. त्या नाटकातील गणपतराव बेलवलकर हा रंगभूमीवरचा सम्राट शेवटी रस्त्यावर येतो आणि बूटपॉलिश करणाऱ्या पोराच्या सोबतीने राहतो. पहिल्या घरातून निघालेला नट दुसऱ्या घराच्या दाराशी येऊन पोहोचतो. मराठी प्रेक्षक त्या प्रसंगी रडला. दोरावरच्या पोरीला पाहून मात्र तो दोन नाणी टाकून पुढे जातो.

असे असूनही मराठीच्या बोलण्यात रंगभूमीवरून घेतलेले शब्द बहुतेक निंदेचेच आहेत. ‘नाटके करू नकोस’, ‘सोंगे पुरे झाली’, ‘तमाशा मांडलास’, ‘नाटकी माणूस’, ‘नट्टापट्टा’, ‘नटवी’. ‘नटणे’ या एकाच क्रियापदाने आपला आब राखला आहे. सणाला घर नटते, लग्नात नवरी नटते, श्रावणात रान नटते. देवही नटतो : शिव नटराज, कृष्ण नटवर. देवाला आणि निसर्गाला जे भूषण, ते पोटासाठी करणाऱ्याला दूषण.

ही रीत केवळ भारतीय नाही. इंग्लंडात १५७२ च्या कायद्याने कोणा उमरावाचा आश्रय नसलेले नाटकवाले भटक्या-उडाणटप्पूंच्या वर्गात घातले. पहिल्या नटाला, हेन्री आयर्विंगला, ‘सर’ किताब मिळण्यास १८९५ साल उजाडावे लागले. पॅरिसमध्ये मोलिएर १६७३ साली आपल्याच नाटकात काम करून घरी आला आणि त्याच रात्री वारला. तो नट असल्यामुळे धर्मगुरूंनी ख्रिस्ती दफनविधी नाकारला. अखेर त्याच्या पत्नीने राजाकडे दाद मागितल्यावर रात्रीच्या वेळी, समारंभाविना, त्याला मूठमाती मिळाली.

लिसेंवात पोर्तुगीज आणि फ्रेंच शिकलेल्या पिढीला आणखी एक शब्द ठाऊक असेल. हिंदुस्थानातील देवळांत नाचणाऱ्या स्त्रियांना पोर्तुगीजांनी ‘बायलादेइरा’ म्हटले. ‘बायलार’ म्हणजे नाचणे. फ्रेंचांनी त्याचे ‘बायादेर’ केले, आणि १८७७ साली सेंट पीटर्सबर्ग येथे त्या नावाची नृत्यनाटिका सादर झाली, ती अद्यापही जगभर होते. जगाच्या रंगमंचावर पोहोचलेला हा शब्द निघाला तो देवळांच्या चौकांतून. तेथे ज्या स्त्रिया दिवाबत्तीच्या वेळी गात, उत्सवात नाचत, त्यांना देवळाच्या भाषेत ‘कलावंत’ म्हणत.

बालाघाटच्या ‘नट’ शब्दाची गोष्ट येथे, महाजनांच्या सभेत, सांगण्याचे प्रयोजन हेच. गोमंतकात ‘नट’ शब्दाला जे झाले नाही ते ‘कलावंत’ शब्दाला झाले. मूळ अर्थ पाहावा तर याहून सुंदर शब्द नाही : ज्याच्या ठायी कला आहे तो. अकबराच्या दरबाराचे वर्णन करताना अबुल फझलने ध्रुपद गाणाऱ्यांना ‘कलावंत’ म्हटले आहे. तोच शब्द गोमंतकातील देवळांशी जखडला गेला आणि जन्माने ठरणाऱ्या सेवेचे नाव झाला. महाजन हे देवळाचे धनी. १८८६ च्या आणि त्यानंतर १९३३ च्या माझनी-कायद्याने त्यांचे हक्क कागदावर पक्के झाले. सेवेकरी हे सेवेचे बांधील. आरतीच्या वेळी ‘कलावंत’ म्हटले की सेवा. घरात, भांडणात, सोयरिकीच्या बोलण्यात तोच शब्द उच्चारला की दुसराच अर्थ. अर्थ शब्दात नव्हता, उच्चारणाराच्या स्वरात होता.

त्या समाजाने विसाव्या शतकात स्वतःच्या बळावर ही बेडी तोडली. शिक्षण घेतले, मुली देवाला वाहण्याची रूढी मोडली आणि ‘गोमंतक मराठा’ हे नाव धारण केले. त्या चळवळीतील अग्रणी राजाराम पैंगीणकर यांनी आपल्या आत्मचरित्राला ‘मी कोण?’ हे नाव दिले. ज्याचे नाव दुसऱ्यांनी ठरविले, त्यालाच हा प्रश्न पडतो. महाजनाच्या घरी जन्मलेल्याला तो सहसा पडत नाही. ज्यांचा तो शब्द होता त्यांनी अपमानाला कंटाळून तो खाली ठेवला. लगेच समस्त सुशिक्षितांनी तो उचलला. आज चित्रकार, गायक, नट, सर्वांच्या नावामागे ‘कलावंत’ हे विशेषण भूषण म्हणून लागते. शब्दावरील कलंक धुऊन निघाला, परंतु तो ज्यांनी सोसला त्यांचे ऋण कोणी मान्य केले असे दिसत नाही.

ते ऋण लहान नाही. केरीच्या केसरबाई केरकर आणि कुर्डीच्या मोगूबाई कुर्डीकर यांनी हिंदुस्थानी संगीताला जे दिले त्याला मोजमाप नाही. १९७७ साली व्हॉयेजर यानांबरोबर पृथ्वीचा नाद म्हणून जी तबकडी अंतराळात पाठविली, तिच्यात भारताच्या वतीने केसरबाईंचा भैरवीतील स्वर आहे. साऱ्या पृथ्वीच्या वतीने बोलण्यास ज्यांचा कंठ योग्य ठरला, त्यांच्या मागील पिढ्यांना देवळात बसण्याची जागा कोणती, यावर येथे वाद होत असत.

आणि महाजन घराण्यांनाही रंगभूमी परकी नाही. उत्सवाच्या रात्री देवळासमोरच्या मांडवात संगीत नाटक होते. महाजनांचेच मुलगे, नातू, आताशा मुली आणि सुनादेखील, तोंडाला रंग लावून उभ्या राहतात. ते स्वतःला अभिमानाने ‘हौशी नट’ म्हणवितात. बालाघाटच्या दंडारीतील शेतकऱ्यासारखेच हे. सकाळी रंग पुसला की प्रत्येकजण आपापल्या घरचा. रंग पुसल्यावर परतण्यास घर असणे हेच त्यांचे भाग्य. ज्यांना असे घर नव्हते, त्यांच्याकडूनच साथीची, तालाची आणि सुराची विद्या त्यांच्यापर्यंत आली.

बालाघाटच्या एखाद्या शाळेची कल्पना करावी. मराठी जाणणारे गुरुजी ‘नट’ शब्दाचा वाक्यात उपयोग करण्यास सांगतात. एक मुलगा लिहितो, ‘माझ्या काकांना नाटकात नटाचे काम मिळाले.’ शेजारच्या बाकावर ज्या मुलाच्या जातीच्या दाखल्यावर तोच शब्द छापलेला आहे, तो लेखणी थांबवून बसतो. त्याने कोणते वाक्य लिहावे? शब्द तोच, अक्षरे दोनच. एकाला तो काकांचा पराक्रम, दुसऱ्याला तो स्वतःचा पत्ता. त्या मुलाला पहिले वाक्य निर्धास्तपणे लिहिता येईल, त्या दिवशी ही दोन घरे पुन्हा एक झाली असे समजावे. ते काम कोशकाराच्या हातचे नाही.

महाजन संस्थांच्या हाती मात्र थोडे आहे. उत्सवाच्या पत्रिकेत देणगीदारांची नावे ठळक असतात आणि गाणाऱ्या-वाजविणाऱ्यांच्या जागी ‘इतर कार्यक्रम’ एवढेच छापलेले असते; तेथे त्यांची नावे, योग्य आदराने, छापता येतील. जुन्या हिशेबवह्यांत ज्या सेवेकरी घराण्यांच्या नोंदी आहेत, त्या स्मरणिकांतून प्रसिद्ध करता येतील, म्हणजे देवळाच्या इतिहासात त्यांचाही हिस्सा कागदावर राहील. आणि घरात मुलांवर रागावताना रंगभूमीचे शब्द शिवी म्हणून वापरण्याची सवय सोडता येईल; त्यास तर ठरावही लागत नाही, खर्चही लागत नाही.

देवळाचा सभामंडप हा नृत्य-गायनासाठीच आहे. ओरिसातील देवळांत त्या भागाला नाटमंदिर असेच म्हणतात. गाभाऱ्यातील देव ज्याचे दर्शन सन्मुख घेतो, तो पहिला मनुष्य पुजारी नव्हे, महाजनही नव्हे. तेथे उभा असतो तो नट. व्याकरणाने त्याला गुरूची पंचमी नाकारली असली, तरी देवाने त्याच्याकडे पाठ फिरविलेली नाही.